साइटवरचे फोटो : आधीच लहान करून ठेवायचे, की मागणी आल्यावर?

माझ्या मावशीचं इंदुरात राजवाड्याजवळ महेश्वरी साड्यांचं छोटंसं दुकान आहे. घरातला एकुलता एक 'कॉम्प्युटरवाला' मी, त्यामुळे तिची साइट माझ्या गळ्यात पडली. पहिल्याच आठवड्यात तिने फोनवर काढलेले चाळीस फोटो मी जसेच्या तसे चढवून मोकळा झालो. दोन दिवसांनी देवासच्या एका गिऱ्हाईक बाईंचा तिला फोन आला, "ताई, साड्या कुठेयत? नुसते पांढरे चौकोन दिसतायत." मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे, एवढ्या वेळात मी दुकानात सगळं कपाट उलगडून परत घडी घातली असती."

हिशेब करून बघितला तेव्हा लाज वाटली. फोनच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो ४०३२ बाय ३०२४ पिक्सेलांचा असतो आणि त्याचं वजन साधारण तीन ते पाच एमबी. असे चाळीस, म्हणजे एका पानाला दीडशे एमबीच्या आसपास. आणि त्या बाईंच्या फोनवर एकेक साडी दिसणार होती ती काडेपेटीहून थोड्या मोठ्या चौकटीत.

फोटो लहान करायला हवेत, हे इथे कोणालाही कळतं. नवख्या माणसाची गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर. लहान करायचे ते कधी? एक रस्ता असा की फोटो चढवतानाच त्याच्या चार-पाच आकारांच्या प्रती बनवून ठेवायच्या. दुसरा असा की सर्व्हरवर फक्त मूळ फोटो ठेवायचा आणि कोणी पान उघडलं की तेव्हाच, त्याला हव्या त्या रुंदीची प्रत बनवून द्यायची. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पहिली पाकिटातली शेव, दुसरी कढईतून थेट ताटात येणारी गरम जिलबी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फोटो तुमचे स्वतःचे असतील, संख्या शेकड्यांत किंवा दोन-चार हजारांत असेल आणि होस्टिंग स्वस्तातलं असेल, तर आधीच लहान करून ठेवा. मात्र ते असं करा की उद्या सगळ्या प्रती पुसून एका आज्ञेत पुन्हा बनवता येतील. खालच्या बहुतेक पायऱ्या त्यासाठीच आहेत. दुसरा रस्ता कोणासाठी आहे, तेही पुढे येईलच.

आधी टेप घ्या हातात

कोणतंही सॉफ्टवेअर उघडण्याआधी तुमच्या साइटवर फोटो किती रुंद दिसतात ते मोजा. त्यासाठी ब्राउझरच्या दोन पिक्सेलांतला फरक कळायला हवा. पानाची मांडणी ज्या पिक्सेलांत होते ते कागदावरचे, आणि पडद्यावर प्रत्यक्ष चमकतात ते वेगळे. बऱ्याच फोनांची रुंदी कागदावर ३६० ते ४१२ पिक्सेल असते, पण प्रत्यक्ष ठिपके त्याच्या दुप्पट किंवा तिप्पट. म्हणून चौकटीची कागदावरची रुंदी गुणिले दोन किंवा तीन, एवढ्या रुंदीची प्रत लागते.

मावशीच्या साइटचं गणित असं झालं. यादीच्या पानावर फोनवर एका ओळीत दोन साड्या, एकेकीला साधारण १७० पिक्सेल. तिप्पट केले की ५१०. कॉम्प्युटरवर तीच चौकट २८०ची, दुप्पट पडद्यावर ५६०. एका साडीच्या स्वतंत्र पानावर फोनची पूर्ण रुंदी, म्हणजे ७२० ते १०८०च्या आसपास. कॉम्प्युटरवर ६००, दुप्पट १२००. टोपलीतला छोटा फोटो ८०चा, तिप्पट २४०. आणि काठ जवळून बघणाऱ्यांसाठी एक मोठी प्रत.

यातून पाच रुंद्या ठरल्या : ३००, ६००, ९००, १२०० आणि २०००. वीस आकार बनवायचा मोह होतो, तो आवरा. ५८० आणि ६०० मधला फरक कोणाच्या डोळ्याला दिसत नाही, पण फायलींच्या संख्येत तो दिसतो.

मूळ फोटोला हात लावायचा नाही

'मूळ' नावाचा एक फोल्डर करा. कॅमेऱ्यातून आलेले फोटो तिथे जातील आणि पुन्हा कधीही बदलणार नाहीत. त्याची एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, आणखी एक दुसरीकडे कुठेतरी. लहान केलेल्या सगळ्या प्रती दुसऱ्या फोल्डरात, आणि त्या फोल्डरबद्दल अजिबात माया ठेवू नका. तो उडाला तरी चहा पिऊन होईपर्यंत पुन्हा बनला पाहिजे.

मी सुरुवातीला नेमकं उलट केलं होतं. जागा वाचवायची म्हणून फोटो ८०० पिक्सेलांचे करून मूळ फाइलवरच जपून ठेवले. पुढे साइटला नवा साज चढवायचा ठरला, १२०० पिक्सेल हवे होते, आणि तोवर त्यातल्या बऱ्याच साड्या विकून गेल्या होत्या. लहान फोटो ताणून मोठा होतो, पण त्यात नव्याने धागे येत नाहीत.

आयफोनवाल्यांसाठी एक गोष्ट. २०१७ पासून आयफोन 'हाइक' नावाच्या फायलीत फोटो ठेवू शकतो आणि ती फाइल पुष्कळ सर्व्हरांना उघडताच येत नाही. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की नवे फोटो सरळ जेपेग होतात.

लहान करताना साडी बिघडते ती इथे

या पायरीवर जरा थांबू या, कारण बहुतेक ठिकाणी 'रिसाइझ करा' एवढंच सांगून पुढे जातात.

महेश्वरीचं अंग ओळखू येतं ते बारीक चौकडीवरून आणि पट्ट्यांवरून. रेशमी ताणा, सुती बाणा, आणि दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा काठ. आता ४०३२ पिक्सेलांचा फोटो ४००चा करायचा म्हणजे आडव्या ओळीतल्या दहा ठिपक्यांचा एक ठिपका करायचा. एखादं आळशी सॉफ्टवेअर दर दहावा ठिपका उचलतं आणि बाकीचे फेकून देतं. मग चौकडीची एखादी रेघ सापडते, एखादी निसटते, आणि साडीवर कधीच नसलेल्या लाटा फोटोत उमटतात. मावशीने त्या लाटा पाहिल्या आणि विचारलं, "ही लहरिया कुठून आणलीस?" यावर उपाय म्हणजे सगळ्या शेजारी ठिपक्यांची सरासरी काढणारी पद्धत वापरायची. सॉफ्टवेअरच्या यादीत 'लँक्झोस' किंवा 'बायक्युबिक' असं नाव दिसेल, ते घ्या. 'निअरेस्ट' दिसलं की पुढे सरका.

लाटा मूळ फोटोतच असतील, तर कॅमेऱ्याच्या ठिपक्यांची जाळी आणि कापडाची जाळी एकमेकींना भिडली आहे, असं समजा. तिथे कोणतंही सॉफ्टवेअर पूर्ण न्याय देत नाही. थोडं जवळ जाऊन किंवा कोन किंचित बदलून फोटो पुन्हा काढा.

सरासरी काढली की फोटो थोडा मऊ होतो. म्हणून लहान केल्यानंतर हलकं 'शार्पन' करा, लहान करण्याआधी नव्हे. आणि हात हलका ठेवा, नाहीतर जरीच्या कडेने पांढरी किनार दिसायला लागते. सॉफ्टवेअरमध्ये 'लिनिअर' प्रकाशात लहान करायचा पर्याय असेल तर बारीक पांढऱ्या रेघांच्या साड्यांवर तो वापरून बघा. एरवी अशा साड्या लहान फोटोत खऱ्यापेक्षा काळपट दिसतात.

आता रंग. नव्या आयफोनांचे फोटो 'डिस्प्ले पी ३' नावाच्या जास्त रुंद रंगपट्ट्यात असतात आणि तो पट्टा कोणता, हे फाइलमध्ये लिहिलेलं असतं. फाइल हलकी करायच्या नादात ही टीप पुसली, तर ब्राउझर रंग साध्या पट्ट्यातले आहेत असं धरून चालतो आणि गुलबक्षी साडी फिकट पडते. फोटो लहान करणाऱ्या माझ्याच स्क्रिप्टने, म्हणजे आज्ञांच्या छोट्या यादीने, हे करून ठेवलं होतं. गिऱ्हाईकाला फिकी साडी हवी होती, घरी पोचली ती झगझगीत. साडी परत आली, जाण्या-येण्याचा खर्च मावशीने सोसला आणि मला तो आजतागायत ऐकवते. म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी रंग त्या साध्या, म्हणजे 'एसआरजीबी' पट्ट्यात बदलून घ्या, मगच टीप काढा. डाळिंबी आणि गुलबक्षी यांच्यात घोळ झाला तर महेश्वरीचं दुकान कसं चालणार?

फाइलमध्ये आणखी दोन टिपा लपलेल्या असतात. फोन उभा धरला होता की आडवा, ही एक. ती पुसण्याआधी फोटो प्रत्यक्ष फिरवून घ्या, नाहीतर साडी आडवी झोपते. दुसरी टीप जागेची. मावशी महेश्वरला, म्हणजे इथून नव्वदेक किलोमीटरवर, विणकरांच्या घरी जाऊन फोटो काढते. त्या फोटोत त्या घराचे अक्षांश-रेखांश असू शकतात. साइटवर जाणाऱ्या प्रतीतून ते काढून टाकायलाच हवेत.

शेवटी दाब किती द्यायचा? जेपेगला ७५ ते ८५ मधली गुणवत्ता पुरते. मी ८०ला सुरू करतो आणि जास्तीत जास्त बारीक चौकडीच्या साडीवर डोळ्याने तपासतो. ती साडी पास झाली की साध्या अंगाच्या सगळ्या होतात.

कशाने करायचं

पाच-दहा फोटो असतील तर 'स्क्वूश' बास झालं. ते ब्राउझरमध्येच चालतं, फोटो तुमच्या कॉम्प्युटरच्या बाहेर जात नाही, आणि मधली पट्टी सरकवून आधीचा-नंतरचा फरक बघता येतो. शिकण्यासाठीही ते चांगलं.

शेकडो असतील तर आज्ञा देऊन चालणारं साधन हवं. 'इमेजमॅजिक' जुनं आणि सगळीकडे मिळणारं. 'लिबविप्स' त्याच्यापेक्षा खूपच चपळ आणि मेमरीला कंजूस, कारण ते अख्खा फोटो एकदम डोक्यावर न घेता तुकड्या-तुकड्याने काम करतं. नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायचं साधन) शिकलेल्यांना 'शार्प' नावाचं साधन माहीत असेल, त्याच्या पोटात लिबविप्सच आहे. एक छोटी स्क्रिप्ट लिहा : 'मूळ' फोल्डरातली प्रत्येक फाइल घे, फिरव, रंग बदल, पाच रुंद्यांत लहान कर, शार्पन कर, टिपा काढ, जप. मूळ फोटोच १२०० रुंदीचा असेल तर २०००ची प्रत बनवू नको, हेही त्या स्क्रिप्टला सांगा.

फायलीचा प्रकार कोणता? २०२० मध्ये सफारीनेही 'वेबपी' स्वीकारलं, तेव्हापासून मोठ्या ब्राउझरांपैकी कोणाचीच अडचण राहिलेली नाही. मी पाचही आकार वेबपीत बनवतो आणि १२००ची एक जेपेग प्रत अडीअडचणीला ठेवतो. 'एव्हिफ' आणखी हलकं होतं, पण बनवायला वेळ खातं. आधीच बनवून ठेवणाऱ्याला तो वेळ परवडतो, कारण रात्री स्क्रिप्ट लावून झोपता येतं. मागणी आल्यावर बनवणाऱ्यासमोर मात्र गिऱ्हाईक वाट बघत उभं असतं.

फायलींची संख्या आधीच मांडून बघा. पाचशे साड्या, प्रत्येकीचे चार फोटो, म्हणजे दोन हजार मूळ. प्रत्येकाच्या सहा प्रती, म्हणजे बारा हजार फायली. स्वस्त होस्टिंगवर जागेइतकीच फायलींच्या संख्येवरही मर्यादा असते. तिला तिथे 'आयनोड' मर्यादा म्हणतात. ती किती आहे, ते आधी विचारून घ्या.

नाव ठेवताना

नावात रुंदी असू द्या आणि शेवटी आवृत्तीचा आकडाही. कारण असं की फोटोंसाठी ब्राउझरला 'हे वर्षभर जपून ठेव' असं सांगायचं असतं. एक वर्ष म्हणजे ३,१५,३६,००० सेकंद, आणि सर्व्हरच्या सेटिंगमध्ये हाच आकडा लिहितात. मग त्याच नावाने नवा फोटो ठेवला, तर जुन्या गिऱ्हाईकाला जुनाच दिसत राहतो. फोटो बदलला की नाव बदललं, हा नियम पाळला तर हा घोळ होतच नाही.

ब्राउझरला पर्याय सांगा, पण नीट सांगा

पाच प्रती बनवल्या, आता कोणती घ्यायची हे ब्राउझरला ठरवू द्यायचं. त्यासाठी फोटोच्या टॅगमध्ये दोन गुणधर्म असतात. 'एसआरसी-सेट'मध्ये प्रत्येक प्रतीचा पत्ता आणि तिची खरी रुंदी लिहायची. 'साइझेस'मध्ये हा फोटो पानावर किती रुंद दिसणार, ते लिहायचं.

नवखे लोक पहिला लिहितात आणि दुसरा विसरतात. ब्राउझर फोटो मागवायला लागतो तेव्हा पानाची मांडणी अजून ठरलेली नसते, म्हणून त्याला अंदाज द्यावा लागतो. 'साइझेस' नसेल तर तो गृहीत धरतो की फोटो पडद्याची पूर्ण रुंदी व्यापणार. ३६० रुंदीचा, तिप्पट ठिपक्यांचा फोन घ्या. ब्राउझरला वाटतं १०८० पिक्सेल हवेत, आणि तो १२००ची प्रत उचलतो. खरी चौकट १७०ची, गरज ५१०ची, म्हणजे ६००ची प्रत पुरली असती. रुंदी दुप्पट म्हणजे ठिपके चौपट. एवढी मेहनत करून पाच आकार बनवले आणि सगळे फोन १२००चीच प्रत ओढत राहिले, असं मी एकाहून अधिक साइटींवर पाहिलंय. पहिली साइट अर्थातच माझी.

'साइझेस'मध्ये मीही फार बारकाई करत नाही. पडदा ७०० पेक्षा अरुंद असेल तर निम्मी रुंदी, नाहीतर २८० पिक्सेल, एवढं लिहिलं तरी चालतं.

त्याच टॅगमध्ये रुंदी आणि उंची आकड्यांत लिहा, म्हणजे फोटो येण्याआधीच त्याची जागा राखली जाते आणि वाचताना पान खाली उडी मारत नाही. खालच्या फोटोंना 'लेझी' लावा, म्हणजे वाचणारा तिथवर पोचला की मगच ते मागवले जातात. पान उघडताच दिसणाऱ्या पहिल्या मोठ्या फोटोला मात्र लावू नका, तोच उशिरा येतो आणि सगळी साइट सुस्त वाटते.

आता दुसरा रस्ता

मागणी आल्यावर फोटो बनवताना सर्व्हरमध्ये काय होतं ते आधी बघा. पत्त्यात 'रुंदी ६००' असं येतं. सर्व्हर मूळ फाइल उघडतो. डिस्कवर ती चार एमबीची असली तरी मेमरीत पूर्ण उलगडावी लागते. ४०३२ गुणिले ३०२४ म्हणजे १ कोटी २१ लाख ९२ हजार ७६८ ठिपके, प्रत्येकाला चार बाइट, म्हणजे जवळजवळ ४९ एमबी. पुष्कळ साइटी जिच्यावर चालतात त्या पीएचपी भाषेची मूळची मेमरी मर्यादा १२८ एमबी असते. दहा फोटो एकदम बनवायला घेतले तर ४९० एमबी. जेपेगमध्ये एक सवलत आहे. ती फाइल निम्म्या, पाव किंवा अष्टमांश आकारातच उलगडता येते, आणि लिबविप्ससारखी साधनं त्याचा फायदा घेतात. सगळी घेत नाहीत.

हा धडा मी लग्नसराईत शिकलो. तुळशीचं लग्न लागलं, मावशीकडे साठ नव्या साड्या आल्या. मी कौतुकाने मागणी-आल्यावर-बनवणारं प्लगइन (साइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) बसवलं होतं. तिने दुपारी सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर लिंक टाकली. तोवर त्या साड्या कोणी पाहिलेल्याच नव्हत्या, म्हणजे तयार प्रत एकही नाही. शंभरेक बायकांनी एकाच वेळी पान उघडलं आणि सर्व्हर साठ फोटो बनवायला बसला. त्यातही एकच फोटो एकाच वेळी दहा जणींसाठी दहा वेळा, कारण पहिली प्रत पूर्ण झालीच नव्हती. दहा मिनिटांत साइट झोपली. होस्टिंगवाल्यांना दोष देता येत नव्हता, एवढ्या पैशांत ते एवढंच देणार.

तरी हा रस्ता वाईट नाही. फोटो बाहेरचे लोक चढवत असतील, रोज मांडणी बदलत असेल, किंवा लाखभर जुने फोटो असतील आणि त्यातले फार थोडे कोणी उघडणार असेल, तर आधीच सगळ्यांच्या प्रती बनवणं म्हणजे न येणाऱ्या पाहुण्यांसाठी स्वयंपाक. समजा लोकमान्य नगरातल्या एखाद्या मंडळाकडे तीस वर्षांच्या गणेशोत्सवाचे फोटो आहेत. यंदाचे सगळे बघतील, पण १९९६ चे एखादा हौशी म्हातारबाच उघडेल. तिथे मागणीनुसार बनवणंच शहाणपणाचं.

फक्त पथ्यं पाळायची. पहिलं, एकदा बनलेली प्रत जपून ठेवायची, म्हणजे दुसऱ्याला तीच जाईल. पुढे एखादा सीडीएन, म्हणजे प्रती ठिकठिकाणी ठेवून गिऱ्हाईकाच्या जवळून देणारी सेवा, असली तर फारच उत्तम. दुसरं, एक फोटो बनत असताना त्याच फोटोच्या बाकीच्या मागण्या रांगेत थांबवायच्या. तिसरं, वाट्टेल ती रुंदी द्यायची नाही. पत्त्यात ६००च्या जागी ६०१, ६०२, ६०३ लिहीत जाणारा एक खोडकर पोरगा तुमची डिस्क भरून टाकू शकतो. म्हणून ठरलेल्या पाचच रुंद्या स्वीकारा, किंवा पत्त्यावर गुप्त किल्लीने बनवलेली सही लावा. 'इमजीप्रॉक्सी' आणि 'थंबॉर' या दोन्ही मुक्त साधनांत सहीची सोय आहे. चौथं, फोटो उघडण्याआधी त्याची लांबी-रुंदी तपासा. काही केबींची फाइल स्वतःला पन्नास हजार बाय पन्नास हजारची म्हणवू शकते आणि उलगडताना सर्व्हर गुदमरतो.

पाचवं पथ्य जरा सविस्तर सांगायला हवं. 'टिमथंब' नावाची एक छोटी पीएचपी फाइल एके काळी वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या असंख्य थीमांत, म्हणजे मांडणीच्या तयार साच्यांत, असायची. ती मागणी आल्यावर फोटो लहान करायची, आणि काही ठरावीक बाहेरच्या साइटींवरूनही फोटो आणायची. पण पत्ता त्या साइटीचाच आहे का, हे ती नीट तपासत नसे. ते नाव पत्त्यात कुठेतरी आलं की पुरे. चोरांनी तशी नावं घुसवलेले पत्ते बनवले, फोटोच्या जागी प्रोग्राम पाठवला, तो बनलेल्या प्रती जपायच्या (कॅशेच्या) फोल्डरात जाऊन बसला आणि तिथून चालवता आला. ही भानगड २०११ मध्ये उघडकीला आली, आणि २०१४ मध्ये टिमथंबचं काम बंद झालं. २०१६ मध्ये इमेजमॅजिकमध्येही एक गंभीर भोक सापडलं, चढवलेल्या फोटोतूनच सर्व्हरवर आज्ञा चालवता यायची. ते बुजवलं गेलं. पण तुमच्या सर्व्हरवर फोटो बनवणारं यंत्र चोवीस तास उघडं असेल, तर ते अद्ययावत ठेवणं हे तुमचं कायमचं काम झालं. आधीच बनवून ठेवणाऱ्याच्या सर्व्हरवर नुसत्या फायली असतात. फोडायला तिथे यंत्रच नसतं.

गराडूचा रस्ता

थंडीत इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, गेलात तर बघा, गराडू (एक कंद) आधी तळून ठेवलेले असतात. गिऱ्हाईक आलं की परत कढईत जातात, मसाला पडतो आणि दोन मिनिटांत पान हातात. फोटोंचाही असा मधला रस्ता आहे, आणि मला तो मनापासून आवडतो.

सर्व्हरला सांगायचं, मागितलेली प्रत डिस्कवर असेल तर सरळ दे. नसेल तरच स्क्रिप्टला उठव, तिने प्रत बनवावी, त्याच नावाने डिस्कवर ठेवावी आणि मग द्यावी. दुसऱ्यांदा स्क्रिप्ट जागीच होत नाही. एनजिनएक्स या सर्व्हर-सॉफ्टवेअरमध्ये 'ट्राय फाइल्स' नावाची एक ओळ यासाठी पुरते. रुंद्यांची यादी आणि रांगेचा नियम इथेही हवाच.

आणि ग्रुपवर लिंक टाकायच्या आधी कढई तापवून घ्या. सगळ्या नव्या फोटोंचे पाचही पत्ते एकेक करून उघडणारी चार ओळींची स्क्रिप्ट लावली की गिऱ्हाईक येईपर्यंत प्रती तयार. लग्नसराईच्या त्या दुपारनंतर मावशी लिंक टाकण्याआधी मला विचारते, "तापली का?"

वर्डप्रेस असेल तर

तुम्ही नकळत पहिल्या रस्त्यावरच आहात. फोटो चढवला की वर्डप्रेस १५०, ३००, ७६८ आणि १०२४ अशा प्रती बनवतं. ५.३ आवृत्तीपासून १५३६ आणि २०४८ याही, आणि २५६० पेक्षा मोठा फोटो असेल तर तेवढ्यावर आणलेली एक प्रत. थीम आणि दुकानाचं प्लगइन त्यात आपापली भर घालतात. ४.४ आवृत्तीपासून 'एसआरसी-सेट' तेच लिहितं, पण 'साइझेस'चा अंदाज तुमच्या थीमला जुळेलच असं नाही, तेवढं तपासा. थीम बदलली की जुन्या फोटोंच्या नव्या आकाराच्या प्रती आपोआप होत नाहीत. त्या पुन्हा बनवून घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी प्लगइनं आहेत.

तपासून बघा

क्रोममध्ये साइट उघडा, तपासणीची खिडकी काढा, 'नेटवर्क'मध्ये फक्त फोटो निवडा आणि वजनाप्रमाणे लावा. सर्वांत वरचा फोटो कोणता आणि का, हे विचारा. मग फोटोच्या टॅगवर माउस नेला की तो पानावर किती रुंद दिसतोय आणि फाइल खरी किती रुंद आहे, हे दोन्ही आकडे दिसतात. फाइल पानावरच्या रुंदीच्या दोन-तीन पट असेल तर ठीक, सहा पट असेल तर 'साइझेस'कडे परत जा. खिडकीतून फोनचा पडदा आणि संथ नेटवर्क निवडूनही बघा. गुगलच्या मोजमापात पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला तर 'चांगलं' धरतात.

हे झालं की एक स्वस्तातला फोन घ्या, वायफाय बंद करा आणि सिमच्या नेटवर साइट उघडा. तपासणीच्या खिडकीत न दिसलेल्या दोन-तीन गोष्टी तिथे दिसतील.

जाता जाता व्हॉट्सअॅपचं. लिंक पाठवल्यावर वर जो छोटा फोटो दिसतो, तो तुमच्या पाच आकारांतला नसतो. त्यासाठी पानाच्या माथ्यावर वेगळा पत्ता द्यावा लागतो. मी तिथे १२०० बाय ६३०ची हलकी जेपेग देतो. उभा फोटो नुसता मधून कापला तर पदर बाहेर जातो आणि निऱ्याच तेवढ्या उरतात, म्हणून ही एक प्रत मी हाताने कापतो, काठ आणि पदर दोन्ही दिसतील अशी. आणि मांडणी बदलल्यावर जुन्या रुंदीच्या फायली लगेच पुसू नका. लोकांच्या ग्रुपांमध्ये आणि गुगलच्या फोटोंच्या यादीत त्यांचे पत्ते अजून फिरत असतात. मी त्या सहा महिने राहू देतो.